धुईत सुई

जानेवारीतला दुसरा आठवडा. दोन दिवस अवकाळी पाऊस होऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी चिखलदऱ्याच्या पठारावर ढगच खाली उतरून बसला. खाली अचलपूरकडे याला धुई म्हणतात आणि तुरीचा फुलोरा गळेल म्हणून लोक धास्तावतात. आम्हाला धास्ती कड्याची. गाविलगडची ही रांग उत्तरेकडे सावकाश उतरते, दक्षिणेकडे मात्र एकदम तुटते.

मी इथे वनरक्षक. त्या दिवशी दोन कॅमेऱ्यांचे सेल आणि कार्ड बदलायचे होते. वाघांच्या मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात. दोन्ही कुशींचे पट्टे मिळाले तरच वाघ ओळखता येतो, म्हणून जोडीतला एक बंद पडला की त्या जागेची निम्मी माहिती गेली. सोबतचा मजूर तापाने पडला होता. तो पडल्या पडल्या म्हणाला, "गार्डसाहेब, आज धुई लय हाय. एकटे नोका जाऊ." नियमही तोच, जंगलात दोघांनी जायचं. मी तो मोडला. सेल संपत आले होते हे कारण होतं, पण ते पुरेसं नव्हतं.

नोकरी लागण्याआधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स केला होता. तिथे बर्फावर ढग उतरला की जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं. सावली उरत नाही, त्यामुळे चढ आणि उतार डोळ्यांना सारखेच दिसतात. शिवाय वाऱ्याने बर्फाची झालर धारेच्या पलीकडे वाढलेली असते, तिच्याखाली फक्त हवा. म्हणून धारेपासून बरंच आत राहून चालायचं आणि शंका आली की पुढे बर्फाचा गोळा फेकायचा. तो टेकला तर जमीन आहे. आमच्या पठारावर बर्फ पडत नाही, पण गाव उठून गेल्यावर झालेलं गवताचं माळरान धुईत तसंच होतं. वीस-पंचवीस पावलांपलीकडे सगळीकडे तोच राखाडी रंग. हवामान खातं 50 मीटरच्या आतल्या दृश्यमानतेला अतिदाट धुकं म्हणतं. त्या सकाळी ती त्याच्याही निम्मी होती.

अशा वेळी माणूस सरळ चालतोय असं त्याला वाटत असतं, आणि तो वळत असतो. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी डोळे बांधून माणसं चालवली, तेव्हा काहींनी जेमतेम 20 मीटर व्यासाचे फेरे घेतले आणि तरी आपण सरळच गेलो असं त्यांना वाटलं. होकायंत्राच्या सुईचं ऐकायचं ते यासाठी.

निघण्याआधी नकाशावर वाटेचे तुकडे पाडले. 1:50,000 च्या नकाशात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि उंचीच्या दोन रेषांत 20 मीटरचा फरक. म्हणजे पंधरा मीटरचा कडा त्यावर दिसेलच असं नाही. पहिला तुकडा सोपा. पठाराच्या उत्तर अंगाने पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जीपच्या वाटेने छावणीपासून 900 मीटर पश्चिमेला, हद्दीच्या खांबापर्यंत. तिथून होकायंत्राच्या 220 अंशांवर, म्हणजे साधारण नैऋत्येला, 650 मीटर गेलं की जुन्या बैलगाडीच्या चाकोरीवर पहिला कॅमेरा.

अंतर मी जोडपावलांनी मोजतो. डावा पाय टेकला की एक. सपाट वाटेवर शंभर मीटरला माझी 64 होतात, ओल्या गवतात 72. दर शंभर मीटरला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. कॅमेऱ्यावर नेम धरला नाही, मुद्दाम पाच अंश उजवीकडे, 225 वर चाललो. 650 मीटरवर पाच अंश म्हणजे साधारण 57 मीटर. थेट नेम धरला असता आणि चाकोरीवर पोचून कॅमेरा दिसला नसता, तर डावीकडे शोधू की उजवीकडे हे कळलं नसतं. आता चाकोरी लागली की डावीकडेच वळायचं. तसंच झालं. भिंगावर दव साचलं होतं, ते पुसलं, सेल बदलले.

होकायंत्राचं एक सांगतो. आपल्याकडे चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाहून कमी फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. पण आपला काळा पाषाण काही जागी सुई ओढतो. खडकावर ठेवून वाचू नये, छातीशी धरावं, आणि फोन, कोयता, विजेरी दूर ठेवावी.

दुसरा कॅमेरा 290 अंशांवर 500 मीटर, नाल्याच्या उगमापाशी. दोनशे मीटर गेलो असेन, तर समोर फुत्कार. रानगवे. वारा उत्तरेचा होता, म्हणून त्यांच्या दक्षिणेने वळसा घ्यायचं ठरवलं, माझा वास त्यांना जाऊ नये. वळसा चौकोनी घ्यायचा असतो. काटकोनात वळून पावलं मोजायची, मग मूळ दिशेने पुढे, मग तेवढीच पावलं परत. 200 अंशांवर 80 पावलं मोजली, 290 वर वळलो, आणि धुईत न दिसलेला एक गवा अगदी जवळ खुरांनी माती उडवू लागला. मी खाली खाली सरकत गेलो. मोजणी सुटली.

थांबलो तेव्हा पायाखालची जमीन उतरत होती. मन सांगत होतं, हा नाल्याचाच उतार, जा पुढे. मी उताराची दिशा होकायंत्रावर घेतली. 190, म्हणजे जवळजवळ दक्षिण. नकाशात नाल्याचा उतार वायव्येला पडतो. तिथलं पाणी सिपना नदीकडे जातं, आणि मी उभा होतो तिथलं पूर्णेच्या खोऱ्यात. म्हणजे पाणलोटाची धार ओलांडून मी दक्षिणेला आलो होतो. फोनमध्ये जीपीएस होता, पण दोन दिवस ऊन नसल्याने छावणीतल्या सौरपेटीवर तो भरला नव्हता, आणि ओला पडदा बोट ओळखत नव्हता. पुढे तीन दगड फेकले. दोन गवतात पडले. तिसऱ्याचा आवाज उशिरा आला, खालून.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा विचार तिथेच सोडला. अंग भिजलं होतं, बोटं बधिर होऊन खिशाची चेन लागत नव्हती. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. आठ-दहा अंश आणि वारा एवढं पुरतं, त्याला बर्फ लागत नाही. कुडकुडणं आपोआप थांबलं तर बरं वाटू लागलं असं समजू नये, तिथून खरा धोका सुरू होतो. तिथेच बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले, ओला सदरा काढून पिशवीतली कोरडी बंडी घातली, वर घोंगडी. लोकर भिजली तरी ऊब धरते.

मग शून्य अंश, सरळ उत्तर. मी नक्की कुठे आहे ते कळायची गरज नव्हती. उत्तरेला जीपची वाट आडवी पसरलेली होती, सातशे मीटरच्या आत ती लागायलाच हवी होती, आणि लागल्यावर छावणी उजव्या हाताला. सातशे मीटरची ओल्या गवतात 504 जोडपावलं, चढ धरून 550. सहाशेला वाट लागली नाही तर जागेवर बसून धुई उठायची वाट बघायची, हे आधीच ठरवलं. बोरीच्या झुडपांत अस्वल अचानक समोर येऊ नये म्हणून मोजणी मोठ्याने करत गेलो. 531 व्या पावलाला चाकांची चिखलातली खूण लागली.

दुसऱ्या दिवशी दहाला धुई उठली. दगड फेकले त्या जागी गुळाचा कागद पडला होता, तो उचलला. तिथून कड्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, 18 मीटर. दुसऱ्या कॅमेऱ्याचे सेल साडेदहाला बदलले. पाणवठ्यावर काम करणारे दुसरे मजूरभाऊ सोबत होते.