मंगळसूत्र गेलं, वाट्या परत आल्या

माझं मंगळसूत्र किती ग्रॅमचं होतं, हे मला सांगता आलं नाही. पंधरा वर्षं रोज गळ्यात असलेली वस्तू! ठाणे अंमलदारांनी दुसऱ्यांदा विचारलं, "ताई, अंदाजे तरी?" आणि मी शेजारच्या काकूंच्या तोंडाकडे बघायला लागले.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून काकू आणि मी कॉलनीतल्या रस्त्याने घरी येत होतो. सातही वाजले नव्हते, पण नाशिकची थंडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरून दुचाकीवर दोघं आले, दोघांच्याही डोक्यात हेल्मेट. पुढच्याने गाडी हळू करून विचारलं, "वहिनी, इथं गणपतीचं मंदिर कुठंय?" मी हात वर करून दाखवतेय तोवर मागच्याने झडप घातली. मानेला चटका बसल्यासारखं झालं. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या मुठीत बोटभर तुकडा उरला होता. काकू ओरडत होत्या आणि मी रस्त्यावर बसून काळे मणी वेचत होते. का, ते अजून मला सांगता येत नाही.

११२ ला फोन काकूंनीच लावला. थोड्या वेळात मोटारसायकलवर दोन पोलीस आले. त्यातल्या एकाने सांगितलेली एक गोष्ट पुढे फार कामाला आली : हातातला तुकडा तसाच ठेवा, लगेच सोनाराकडे जोडायला नेऊ नका.

ठाण्यात मात्र पहिलं वाक्य ऐकलं ते "आत्ता गहाळ झाल्याचा अर्ज देऊन ठेवा, बघू." मी पेन हातात घेतलंही होतं. काकू निवृत्त शिक्षिका. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गहाळ म्हणजे हरवलं. हिच्या मानेवर वळ आहे तो बघा." गहाळच्या अर्जावर तपास होत नाही, तो गुन्हाच नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कायद्यात असं वेगळं कलम नव्हतं, चोरी किंवा जबरी चोरीत ते बसवावं लागे. अर्थात तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, काकूंनी वळ दाखवला म्हणून फिर्याद लिहिली गेली.

किंमत लिहिताना पुन्हा अडलं. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला पंचाहत्तर हजारांच्या पुढे, आणि कागदावर चढत होती लग्नातल्या भावाची रक्कम. मी म्हटलं, किंमत काय लिहायची ती लिहा, वजन नीट लिहा. पण वजन तर मलाच ठाऊक नव्हतं! शेवटी "अंदाजे २० ग्रॅम" असं लिहून मी सही केली. एफआयआरची प्रत तिथेच मिळाली. ती फिर्यादीला मोफत द्यायची असते, झेरॉक्सचे पैसेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यानंतर कॅमेऱ्यांची शोधाशोध झाली. आमच्या सोसायटीचे चार कॅमेरे, चारही पार्किंगकडे तोंड करून. रस्ता टिपणारा एकच, समोरच्या बंगल्याचा, आणि त्याचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे. पोलिसांनी आधी मोबाइलमधली वेळ आणि पडद्यावरची वेळ यांचा एकत्र फोटो काढला, मग फुटेज घेतलं. ते कोर्टात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. बंगलेवाल्या काकांची सही घेताना "मला कोर्टाचे खेटे नकोत" हे चार वेळा ऐकून घ्यावं लागलं. त्यांना दोष कसा देऊ? मीही तेच म्हटलं असतं.

आता पावती. मंगळसूत्र २००९ सालचं, सराफ बाजारातल्या जुन्या पेढीतलं. आमचं बिल केव्हाच गेलेलं. पेढीवर गेले तर सोनार म्हणाले, "वहिनी, ऑगस्ट २०१६ च्या पुरात आमच्या वह्या भिजल्या. त्याआधीचं काही विचारू नका." गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं, हे नाशिककराला सांगायला नको. आत्ताच्या दागिन्यांवर सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क क्रमांक असतो, माझ्या वाट्यांवर तसलं काही नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्ये मंगळसूत्र दिसत होतं, पण फोटोवरून वजन कसं कळणार?

वजनाचा कागद कुठे आहे, हे खरं तर मला पहिल्या रात्रीच आठवलं होतं. बोलायचं धाडस होत नव्हतं.

२०२१ मध्ये नवऱ्याचा पगार चार महिने अर्धा येत होता. तेव्हा आम्ही मंगळसूत्र बँकेत तारण ठेवलं होतं. गळ्यात साधी काळी पोत घातली आणि सासूबाईंना सांगितलं, मणी ओवायला टाकलेत. सहा महिन्यांनी सोडवून आणलं. बँकेच्या सोनाराची मूल्यांकनाची चिठ्ठी मी कपाटात साड्यांच्या घडीत लपवली होती : एकूण वजन २४.६ ग्रॅम, मणी वजा जाता २१.२, "दोन वाट्या, एका वाटीस पोचा". तो पोचा म्हणजे लेकाने दात येताना चावून केलेली करामत. ज्या कागदाची लाज वाटत होती तोच नेऊन दिला आणि पुरवणी जबाब लिहून आले.

साडेतीन महिन्यांनी हवालदारांचा फोन आला. "ताई, आरोपी सापडलेत. ओळखायला या." चेहरे मी पाहिलेच नव्हते, ओळखायच्या होत्या त्या वस्तू. टेबलावर साखळ्या, पदकं, पाचसहा वाट्या मांडलेल्या. माझी वाटी मी अंगठ्याने ओळखली, पोचा जिथल्या तिथे होता. साखळी मात्र वितळवून तिची लगड झाली होती.

सापडलं म्हणजे मिळालं, असा माझा समज होता. मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय हलत नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयात वकिलांमार्फत अर्ज केला, मग तपासी अंमलदारांचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं, सरकारी वकिलांचा 'से', दोन तारखा. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालाचा आधार दिला. दागिने वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नयेत, फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन मालकाला द्यावेत, असं त्यात म्हटलंय. वाट्या ३.३ ग्रॅम आणि लगड १२ ग्रॅम माझ्या ताब्यात आली. बाकीचं गेलं ते गेलं.

अटी अशा : विकायचं नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायचं, स्वरूप बदलायचं नाही. म्हणजे खटला संपेपर्यंत त्या लगडीची साखळीही करता येणार नाही. ती लॉकरमध्ये पडून आहे. माझ्या गळ्यात पुन्हा काळी पोत.

फिरायला आम्ही आजही जातो, पण आता समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. पत्ता विचारला तर चालता चालता, हात पुरणार नाही इतक्या अंतरावरून सांगतो. काकू म्हणतात, बेंटेक्स घाल. पण हिसकावणारा कस लावून बघत नाही, मान तेवढीच कापली जाते. सोसायटीच्या बैठकीत एक कॅमेरा रस्त्याकडे फिरवून घेतला. त्यावरही अर्धा तास भांडण झालं, ते जाऊ दे.

सासूबाईंना तारणाची गोष्ट कोर्टाच्या कागदांतून कळली. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या पाटल्या घेऊन स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचा फोटो काढ. आणि सोनाराकडून वजन करून आण. मला पण माहीत नाही."