गोधडीखालचे टोमॅटो

"अगं, माणसाला घालतात तसं पांघरूण नको. चारी बाजूंनी जमिनीला टेकू दे!"

रात्री साडेनऊला टॉर्च धरून आई मला ओरडत होती.

शिकागोकडे सगळे सांगतात, मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी टोमॅटो लावू नका. मी एप्रिलअखेरच लावले. (हौस!) काल फोनवर रात्रीचं तापमान ३४ फॅरनहाइट दिसलं. पाणी गोठतं ३२ला, म्हणजे दोन अंश शिल्लक, असा माझा हिशेब.

आईने फोन बघितलाच नाही. आभाळ बघितलं. ढग नाही, वारा नाही. अशा रात्री पानं हवेपेक्षाही गार पडतात. "आज पानं जळणार."

ती निफाडची. थंडीची लाट आली की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं, हे बघत वाढलेली. तिने संध्याकाळीच वाफ्याला पाणी घालायला लावलं होतं. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते म्हणे. मी आणलेलं प्लास्टिक तिने बाजूला फेकलं. ते पानाला चिकटेल तिथे पान जातं. मग चार काठ्या रोवून वर गोधडी. आजीच्या नऊवारीची, तिने माझ्यासाठी बॅगेतून आणलेली.

मला कसंतरीच झालं. तिला अजिबात नाही.

सकाळी गवत पांढरं. गोधडीची कड पापडासारखी कडक. आत टोमॅटो हिरवेगार.

तुळस मात्र काळी पडली. परवाच हौसेने बाहेर ठेवलेली, दोघीही विसरलो. आई सकाळपासून त्यावर एक शब्द बोललेली नाही.

खोड अजून हिरवं आहे. फुटेल का हो?