तांब्याचा पाईप आणि महालातली कल्हई

नागपुरात आता कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू असेल. इथे मिनियापोलिसमध्ये बर्फ आत्ता कुठे गेलाय. अंगणातल्या नळाचा आतला व्हॉल्व्ह मी ऑक्टोबरमध्ये बंद केला होता, पण बाहेर लावलेली बागेची नळी काढायची राहून गेली. तिच्यामुळे पाईपमधलं पाणी निथळलं नाही. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. गेल्या शनिवारी व्हॉल्व्ह उघडला तर तळघरात धार लागली. तांब्याच्या पाईपला बोटभर लांब चीर पडली होती, आणि तिच्या कडा उकललेल्या शेंगेसारख्या बाहेर वळल्या होत्या.

आपल्याकडे आधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाईप होते. त्यांना आटे पाडायचे, सुतळी गुंडाळायची आणि सफेदा फासायचा. आता सीपीव्हीसीचं प्लास्टिक आलं, त्याला सोल्युशन लावलं की काम झालं. इथल्या जुन्या घरांत मात्र तांबं असतं आणि त्याचे सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डर वितळवून, जोडतात. प्लंबरला चार दिवस सवड नव्हती, म्हणून दुकानातून पाईपचा तुकडा, दोन कपलिंग (जोडणीच्या आखूड नळ्या), फ्लक्सची म्हणजे धातू साफ करणाऱ्या लेपाची डबी, सोल्डरची तार आणि गॅसची टॉर्च घेऊन आले.

पाण्याचा मेन बंद केला, चिरलेला भाग कापला, टोकं एमरी पेपरने घासून लख्ख केली, फ्लक्स लावला आणि टॉर्च पेटवली. पहिला सांधा फसला. सोल्डर गोळ्या होऊन खाली टपटपलं, आत गेलंच नाही. व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या महाल भागातल्या घरून बाबा बघत होते.

"अगं, तू तर तारेलाच जाळ देऊन राहिली! कल्हईवाला काय करायचा, आठव जरा."

आणि खरंच सगळं आठवलं. आमच्या गल्लीत तो जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी लावायचा. एका हाताने भाता चालवत पितळी पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी नुसती टेकवायचा. कथील पातेल्याच्या उष्णतेनं वितळायचं आणि कापसाच्या बोळ्यामागे चांदीसारखं पसरत जायचं.

इथेही तेच आहे. तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर नवसागर काढतो. प्लंबिंगच्या बऱ्याच फ्लक्समध्ये आजही तोच, म्हणजे अमोनियम क्लोराईड, असतो. सोल्डर बहुतांशी कथीलच. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी शिसं असलेलं सोल्डर बंद झालं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, त्यामुळे पाईपला धोका नाही. जाळ कपलिंगला द्यायचा आणि तार उलट बाजूने टेकवायची. तांबं पुरेसं तापलं असेल तर सोल्डर फटीत आपोआप ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेसुद्धा. दुसऱ्या वेळी सांध्याभोवती चकचकीत कडं उमटलं, ते पाहून मी श्वास रोखून धरला होता.

तिसरा सांधा मात्र तापेना, कारण वरून थेंब थेंब पाणी येत होतं. पाणी असेपर्यंत तांबं शंभर अंशांपुढे फारसं जात नाही, मग कथील वितळणार कसं? शेजारच्या आजोबांनी इथला जुना उपाय सांगितला: पांढऱ्या ब्रेडचा गर पाईपमध्ये कोंबायचा. तो पाणी शोषतो, तेवढ्यात डाख द्यायचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मागे लाकडी तुळई होती. तिच्यावर न जळणारं कापड लावलं होतं, अग्निशामक सिलिंडर हाताशी होता, आणि काम झाल्यावर तासभर मी तिथेच बसून राहिले. लाकूड आतून धुमसतं, ते लगेच दिसत नाही.

मग मेन उघडला. सांध्यांखाली जुना पंचा अंथरला होता, तो कोरडा राहिला. बाहेरच्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग भिजलेल्या ब्रेडचा लगदा आला, आणि त्यामागे स्वच्छ पाणी. फुटलेला तुकडा पुसून बॅगेत ठेवलाय. दिवाळीत येईन तेव्हा तो बाबांना हातात घेऊन बघायचाय.