घड्याळ बरोबर होतं

"काका, घड्याळ बिघडलं वाटते तुमचं." फुटाळा तलावाकाठी सोबत पळणाऱ्या पोट्ट्यानं माझ्या मनगटावर टिचकीच मारली. वेग तोच, रस्ता तोच. नाडी मात्र सुरुवातीला १३८, पाऊण तासानं १५६.

घड्याळ ठीकच होतं. मे महिन्यात नागपुरात सकाळी सहालाच टी-शर्ट पिळून निघतो. तो घाम जातो त्यात रक्तातलंही पाणी असतं. वर अंग थंड ठेवायला बरंच रक्त कातडीकडे वळतं. मग हृदयाकडे परतणारं रक्त कमी, हृदय भरतं कमी, दर ठोक्याला फेकतंही कमी. पायांची मागणी तेवढीच! मग ठोके वाढवण्याशिवाय त्याच्यापुढे इलाज काय?

अंगात रक्त साधारण ५ लिटर. बसल्या जागी हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच फिरवतं, जोरात पळताना २० लिटरपर्यंत. नेमानं पळणाऱ्यांचं रक्तच वाढलेलं असतं, ठोका दमदार, म्हणून नाडी संथ. (माझी अजून नाही.)

सगळं ऐकून पोट्टा म्हणतो, "म्हणजे पाणी प्याचं, एवढंच ना?"

बऱ्याच अंशी, हो. पण बाटली त्याच्याकडे नव्हतीच. पाणी पिऊन पळालं की पोटात दुखते म्हणे. तुम्हालाही शाळेत हेच सांगितलं होतं का?