पद्मिनी चालवायची की मांडायची

सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या स्कूटरवरचा माणूस हमखास वाकून बघतो. पहिला प्रश्न, "मॉडेल कुठलं?" दुसरा, "विकायची का?" आणि दिवा हिरवा होता होता तिसरा, "मग रिस्टोर का नाही करत?" पहिल्या दोघांचं मला काही वाटत नाही. तिसरा मात्र हल्ली टोचतो. गाडी चालू आहे, मागे दळणाचा डबा आहे, पुढे सासूबाई बसल्यात, आम्ही कुठेतरी निघालोय. यात करायचं काय राहिलंय?

तसं बरंच राहिलंय म्हणा. आमची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, १९८२ची, म्हणजे मारुती ८०० यायच्या आदल्या वर्षीची. सासऱ्यांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. आता डाव्या मडगार्डच्या कडेला पत्रा कुरतडल्यासारखा झालाय, मागच्या दारावर एका रिक्षाने दिलेला पोचा आहे आणि ड्रायव्हरच्या दाराचं रबर तर कुठल्या गाडीचं आहे देव जाणे. मूळ रंग राखाडी होता की फिकट निळा यावर घरात आजही दोन तट आहेत. सासरे दोन्ही तटांचं शांतपणे ऐकून घेतात आणि पेपर वाचत बसतात.

कोल्हापूरला आमच्या नात्यातले एक काका आहेत. त्यांच्याकडे पन्नाशीच्या दशकातली फियाट आहे, तीच ती गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी, जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. ती त्यांनी रिस्टोर केली. रंग खरवडायला घेतला तर खालून हिरवा, त्याच्या खालून मरून, त्याच्याही खालून काळा असे थर निघत गेले. पूर्वीच्या कुणीतरी पत्र्यातले खड्डे बुजवायची लांबी इतकी थापली होती की काही ठिकाणी पत्रा संपून नुसती लांबीच उरली होती. सगळी गाडी सुटी झाली. इंजिन एकीकडे, दारं दुसरीकडे, सीटा माळ्यावर. बंपर नव्याने क्रोम करून आणले, हेडलाइटच्या कड्यांसाठी काका कुठे कुठे फिरले. आज ती गाडी खरंच बघत राहावी अशी आहे. मी बघितलीही, अंगणात उभी राहून, हात मागे बांधून. बसायला मिळालं नाही. काकूंनाही मिळत नाही, असं नंतर स्वयंपाकघरात कळलं.

थट्टा बाजूला, त्या कामाला जी माया लागते ती माझ्यात नाही. एका स्क्रूचं डोकं चपटं असायला हवं होतं, गोल आलं, म्हणून रात्रभर झोप न येणं हा एक वेगळाच पिंड असतो. आणि ही मंडळी नसती तर माझ्यासारखीची पंचाईत झाली असती हेही खरं. काचेभोवतीची रबरं, दरवाज्यांची बिडिंग, मागच्या दिव्यांच्या लाल काचा यांचा पत्ता लागतो तो त्यांच्याकडूनच. पण मग ती गाडी जाते कुठे? रॅलीला जाते आणि घरी येते. बऱ्याचदा रॅलीलाही दुसऱ्या ट्रकवर चढून जाते.

यात आता कायद्यानेही भर घातली आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी असावी, मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मान मोठा आहे. पण एकदा त्या यादीत गेलात की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं, जाळायला नाही. आमच्या पद्मिनीला पन्नाशी गाठायला अजून काही वर्षं आहेत, तोवर ती आपली साध्या नंबरावर, पाच पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला जाऊन, पर्यावरण कर भरून सुखाने धावतेय. सुखाने म्हणजे, वाढत गेलेली फी भरून. २०२२पर्यंत पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये पडायचे, त्या वर्षी त्याचे ५,००० झाले होते.

आमच्या मिस्त्रींचं मत या सगळ्यावर एका वाक्यात आहे. "वहिनी, उभी करू नका, बाकी काय वाट्टेल ते करा." त्यामागचं कारण त्यांनी मला बॉनेट उघडून दाखवलं होतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. पेट्रोल ज्यातून फवारतं त्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून सिलिंडर गंजतात, रबरी कप चिकटून बसतात. टायर एकाच जागी दबतात. आणि पुण्यात उभ्या गाडीच्या वायरिंगवर उंदरांचा पहिला हक्क असतो. चालत्या गाडीत हे सगळं होत नाही असं नाही, पण होताना कळतं.

कळतं हा शब्द मी जपून वापरतेय. पद्मिनीत बसलं की सगळं ऐकू येतं, हातापायांना जाणवतं. थंडीत सकाळी चोक ओढायचा, इंजिन तापेल तसा थोडा थोडा आत ढकलायचा, आणि तो केव्हा पूर्ण आत घालायचा हे आवाजावरून ठरवायचं. गिअर स्टिअरिंगखाली. पहिला गिअर टाकायचा तर गाडी नीट थांबलेली हवी, नाहीतर ती जे बोलते ते चारचौघांत ऐकवत नाही. पुढच्या दारांना त्रिकोणी काच असते. ती अर्धी उलटी फिरवली की वारा सरळ तोंडावर येतो, आणि गाडीत एसी नाही हे पंचवीसच्या वेगानंतर आठवत नाही. पंचवीसच्या आत मात्र फार आठवतं.

एप्रिल-मेमध्ये लक्ष्मी रोडच्या गर्दीत तासभर अडकलं की ही बया हमखास बसते. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप नुसता हवा ओढत राहतो, गाडी गचके खाते आणि बंद. यावरचा उपाय पिढीजात आहे. बॉनेट वर करायचं, पाण्यात भिजवलेलं फडकं इंजिनाजवळच्या छोट्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचं, बाटलीतलं उरलेलं पाणी आपण प्यायचं. फडकं चर्र करतं, वाफ निघते, पंप हळूहळू हाताला सोसेल इतका निवतो. तेवढ्यात दोन म्हातारे येऊन उभे राहतात आणि आपापल्या फियाटींच्या आठवणी सांगायला लागतात. एकाने तर मला बाजूला करून इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला उघडझाप करणारा पॉइंट बघितला, खिशातल्या व्हिजिटिंग कार्डाची कड त्यात सरकवून बघितली आणि "गॅप बरोबर आहे" म्हणून टोपी परत बसवली. कार्ड मात्र दिलं नाही.

१०८९ सीसीचं हे इंजिन मुळात इटलीच्या फियाट ११००चं. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ला 'डिलाइट' नावाच्या गाडीत आलं, १९७४पासून गाडीचं नाव पद्मिनी, आणि पुढे जवळजवळ पाव शतक तीच गाडी निघत राहिली. पण ती रस्त्यावर टिकली ती आमच्यासारख्या हौशींमुळे किंवा काकांसारख्या कलावंतांमुळे नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे टिकली. काळ्या-पिवळ्या पद्मिनींना कुणी कधी रिस्टोर केलं नाही. डिकीत सीएनजीची टाकी, सामान टपावरच्या कॅरिअरवर, छताला फुलाफुलांचं रेक्झिन, दार बंद करायला एक ठरावीक हिसका. आज क्लच प्लेट, उद्या ब्रेक शू, परवा फॅन बेल्ट. हजारो गाड्यांना रोज काही ना काही लागायचं, म्हणून कुणीतरी ते बनवत होतं, कुणीतरी विकत होतं, आणि कुणीतरी फुटपाथवर बसून ते बसवून देत होतं. रिस्टोर केलेली गाडी दुकानात एकदा येते आणि मोठं बिल करून जाते. पण दुकान चालायला दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक लागतं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. बातम्यांमधून तेव्हा सगळे हळहळले. एखादी तरी जतन करून ठेवा अशी मागणी झाली, ती रास्तच होती. आमच्या मिस्त्रींना मात्र वेगळी काळजी. "आता माल कोण काढणार?"

तो माल अजून मिळतो, पण शोधावा लागतो. नाना पेठेत एक-दोन दुकानदार आहेत जे 'फियाट' म्हटल्यावर आधी हसतात, मग माळ्यावर शिडी लावतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधी हब कॅप दिसते, कधी वायपरची दांडी. घासाघीस जोरात होते, कारण दोघांनाही माहीत असतं की दुसरं गिऱ्हाईक येणार नाही आणि दुसरी दांडीही मिळणार नाही.

सध्याचं प्रकरण पेट्रोलचं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात. मिस्त्रींनी आमच्या सगळ्या नळ्या बदलून नव्या पेट्रोलला चालतील अशा घातल्या आणि जुनी नळी मला बोटांनी दाबून बघायला दिली. च्युइंगमसारखी झाली होती. राहता राहिला गाडीच्या पंपाच्या आतला डायाफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा. तो अजून जुनाच आहे आणि कधी दगा देईल सांगता येत नाही. नाना पेठेतल्या एकाकडे नव्या कापडाचे आलेत म्हणे. शनिवारी जाऊन दोन घेऊन येणार आहे, एक बसवायला आणि एक डिकीत टाकायला. सासरे म्हणाले, तीन घे.