तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्फिनने हार्टला काही होतं का?

पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, पेन क्लिनिकही बघते, आणि कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक दाराशी थांबून हमखास विचारतात, "मॅडम, आईला मॉर्फिन चालू केलंय, हार्टला काही होणार नाही ना?" काही जण तर भीतीपोटी गोळ्या परस्पर बंद करतात आणि ती माऊली रात्रभर कळवळत राहते, हे बघून फार वाईट वाटतं हो.

मॉर्फिन मेंदूतून व्हेगस नर्व्हचा जोर वाढवतं, ही नर्व्ह म्हणजे हार्टचा ब्रेक, म्हणून ठोके जरा कमी होतात, बीपीही थोडं उतरू शकतं. पण सांगितलेल्या डोसमध्ये रिदम बिघडवणारं औषध नाहीये ते. डोस जास्त झाला तर धोका श्वास मंदावण्याचा, लक्ष तिकडे ठेवा.

मिथाडोन हे मॉर्फिनच्याच जातीचं, म्हणजे ओपिऑइड गटातलं, दुसरं वेदनाशामक; त्याचं मात्र वेगळं आहे. ते नर्व्हपुरतं थांबत नाही, थेट हार्टच्या पेशीतलं पोटॅशियमचं चॅनेल अडवतं, मग प्रत्येक ठोक्यानंतर पेशी पूर्ववत व्हायला उशीर होतो आणि ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, लांबतो. कागदावरचा एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा, ठोके 60 च्या आसपास असताना क्यूटी साडेबारा चौकोन भरला की झाले 500, आणि तिथे आम्ही सावध होतो, कारण पुढे टॉर्साद नावाचा जीवघेणा रिदम सुरू होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2006 मध्येच याबद्दल इशारा दिलाय. त्यात ठोके आधीच मंद असतील तर अजून वाईट, एखादा लांब पॉज येतो आणि त्याच्या पाठोपाठच रिदम बिघडतो. नॅलॉक्सोन या ओपिऑइडवरच्या उताऱ्याने श्वास परत येतो, पण हे चॅनेल मोकळं होत नाही, तिथे शिरेतून मॅग्नेशियम द्यावं लागतं, कधी पेसिंगने, म्हणजे हार्टला विजेचे हलके झटके देऊन, ठोके वाढवावे लागतात.

म्हणून मिथाडोन सुरू करायच्या आधी ईसीजी काढूनच घ्या. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला सांगा. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, घशासाठी अझिथ्रोमायसिन असं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेलं सगळं मला दाखवा, कारण ही दोन्हीही क्यूटी लांबवतात. आणि जुलाबाची लोपेरामाइडसुद्धा ओपिऑइडच आहे बरं का, नेहमीच्या डोसला ठीक, पण भरमसाट घेतली तर तीही हेच चॅनेल अडवते, तेव्हा थांबत नाही म्हणून गोळीवर गोळी देऊ नका, आधी फोन करा.