फातोर्ड्याच्या गेटबाहेरची पन्नास मिनिटं

स्टेडियमबाहेर ब्लॅकने तिकीट घ्यायची वेळ आलीच, तर पैसे गेटच्या आत गेल्यावर द्यायचे. हे एवढं मला सांगलीतच कुणी सांगितलं असतं, तर सात हजार वाचले असते आणि पहिला गोल भिंतीपलीकडून ऐकावा लागला नसता.

फुटबॉलची मॅच, एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नस्र. २२ ऑक्टोबर २०२५, मडगावजवळ फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम, सव्वासातला सुरू. ऑगस्टमध्ये गोव्याने ओमानच्या अल सीबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत जागा मिळवली, दोन दिवसांनी गटांचा ड्रॉ निघाला आणि गोव्याच्या गटात अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा क्लब आला. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर जो गोंधळ झाला तो सांगलीत महापुरातही होत नाही. एकजण तर म्हणाला, "लगा, रोनाल्डो आंबोलीच्या पलीकडं खेळणार म्हंजे घरचाच झाला की!"

आम्ही चौघं. अधिकृत अॅपवर रांगेत बसून दोन तिकिटं मिळाली. उरलेली दोन सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या पोराकडून घेतली. हा पोरगा आयपीएलपासून गाण्याच्या कार्यक्रमापर्यंत सगळ्याची तिकिटं 'करून देतो'. प्रत्येकी सात हजार, म्हणजे छापील किमतीच्या दुपटीच्या वर. मोबाईलवर दोन स्क्रीनशॉट आले. "दादा, ओरिजिनल हाय. नुसता क्यूआर दाखवायचा आणि आत जायचं." मी क्यूआर झूम करून बघितला. क्यूआर झूम करून काय कळतं हे आजही मला माहीत नाही, पण बघितला.

इथे पहिली चूक पोराची नाही, माझी आहे. रोनाल्डो या स्पर्धेतल्या अल नस्रच्या आधीच्या दोन्ही मॅचना खेळलेला नव्हता. इस्तिकलोलविरुद्ध नाही आणि अल झवराविरुद्धही नाही. सौदीबाहेरच्या मॅचना जायचं की नाही हे तोच ठरवतो, अशाही बातम्या येत होत्या. हे सगळं वाचलेला माणूस सात हजार देतो? मी दिले. लक्ष्मीपूजनापर्यंत बातमी पक्की झाली की टीम येतेय, तो येत नाही. चौघांतल्या दोघांनी लगेच माघार घेतली. "पाडव्याला बायको ओवाळते मर्दा, घरी थांबतो." आधी पाडवा आठवला नव्हता. वर, "आमची दोन तिथं विकून टाक," हेही मलाच.

तर पाडव्याला सकाळी सहाला मी आणि मेव्हणा निघालो. बायकोने साडेपाचलाच घाईत ओवाळलं आणि भाऊबीजेला तिच्या भावाला वेळेवर आणून हजर करायची अट घातली. अंकलीच्या पुलापासून हातकणंगल्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगलीकराला मी वेगळं काय सांगू. पुढे कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. आंबोली छान होती. दोनला मडगावात पोहोचलो. गाडी स्टेडियमजवळ न्यायचा प्रयत्न करू नका. लांब लावा आणि चालत जा. दोन-तीन किलोमीटर चालणं ज्याला जड जातं त्याने ही मॅच टीव्हीवर बघावी.

साडेचारला स्टेडियमच्या रस्त्यावर आलो तर निम्मे लोक अल नस्रच्या पिवळ्या जर्सीत, पाठीवर रोनाल्डोचा सात नंबर. केरळची पोरं तर झुंडीने आलेली. रोनाल्डो नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी जर्सी कुणी बदलली नव्हती. नारंगी जर्सीतले गोंयकार त्यांच्याकडे लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे बघत होते.

आता ब्लॅकवाले. आपल्या डोक्यात ब्लॅकवाला म्हणजे टॉकीजच्या बाहेर तिकिटांची गड्डी मुठीत धरून "बाल्कनी, बाल्कनी" कुजबुजणारा. इथे कुणाच्याच हातात तिकीट नाही, प्रत्येकाच्या हातात दोन-तीन मोबाईल. ओळखायची खूण अशी की माणूस मॅचच्या दिवशी स्टेडियमकडे पाठ करून उभा असतो. तो तुम्हाला आधी विचारतो, "एक्स्ट्रा है क्या?" म्हणजे विकणाराच आधी विकत घ्यायला येतो. मी दोन आहेत म्हटलं, तर म्हणाला पाचशे. दोन्हींचे मिळून! मी हसलो. तोही हसला आणि पुढे गेला. दहा पावलांवर त्याचाच जोडीदार एका कुटुंबाला तसलंच तिकीट अठराशेला सांगत होता. रोनाल्डो येणार असता तर हेच दहा हजारांच्या खाली बोलले नसते, असं चहाच्या टपरीवाला म्हणाला.

विकायचं असेल तर ब्लॅकवाल्याला विकू नका, थेट बघणाऱ्याला विका. आणि साडेसहाच्या आत विका. सहाला माझ्या तिकिटाचे पंधराशे येत होते, साडेसहाला तेच लोक आठशे म्हणत होते, सातला कुणी मान वर करून बघत नव्हतं. मॅच सुरू झाली की शिळ्या भजीला जो भाव तोच तिकिटाला.

मला गिऱ्हाईक मिळालं ते सहाच्या सुमारास. बेळगावकडचे एक बाबा आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. माणूस हुशार. स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणाले, "हे नको. अॅपमधलं दाखवा आणि माझ्या नंबरवर पाठवा. आलं की पैसे." आमची जी अॅपमधली खरी तिकिटं होती ती दुसऱ्याच्या नंबरवर पाठवता येत होती. मी मेव्हण्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दाजी, द्या की. आपल्याकडं हायत की दोन." खरंच होती. मोबाईलच्या गॅलरीत. मी खरी दोन तिकिटं पंधराशे-पंधराशेला दिली आणि स्वतःसाठी स्क्रीनशॉट ठेवले. मुलगा उड्या मारत गेला. मी उलटं केलं असतं तर तो मुलगा कुठे उभा असता हे नंतर गेटवर बराच वेळ मनात येत होतं.

सहा पन्नासला गेट. पाण्याची बाटली, पॉवरबँक आणि अर्धा किलो भडंग बाहेर ठेवायला लावलं. भडंगावर माझा वाद झाला, उपयोग झाला नाही. नेऊ नका. पुढे एक पोरगा हातात स्कॅनर घेऊन उभा. मेव्हण्याचा क्यूआर लावला, टुक, हिरवं. माझा लावला, लाल. पुन्हा लावला, लाल. मोबाईलचा उजेड वाढवून लावला. त्याने स्कॅनर माझ्याकडे वळवला. हे तिकीट आठ मिनिटांपूर्वीच आत गेलंय, असं पडद्यावर होतं.

आठ मिनिटं! म्हणजे माझ्या सात हजारांच्या तिकिटावर कुणीतरी माझ्या आधी आत जाऊन माझ्या खुर्चीत बसलेलं होतं. त्याने किती दिले असतील कुणास ठाऊक. एक क्यूआर किती जणांना विकला याचा हिशेब फक्त विकणाऱ्याकडे असतो. गेटवर ज्याचा पहिला स्कॅन त्याचं तिकीट खरं, बाकी सगळ्यांचा नुसता फोटो. मेव्हणा पलीकडे उभा राहून विचारत होता, "दाजी, काय झालं?" स्कॅनरवाला सभ्य होता, पण मागची रांग सभ्य नव्हती. मी मेव्हण्याला जा म्हटलं आणि बाजूला झालो.

मग ती पन्नास मिनिटं. आधी सांगलीला फोन. विश्रामबागेचा पोरगा पहिल्याच रिंगला उचलायचा, आता उचलेना. मग ब्लॅकवाल्यांकडे. ज्याने पाचशे म्हणून हसवलं होतं तोच भेटला आणि ओळख दाखवून दोन हजार म्हणाला. फोनचा पडदा तडकलेला. गॅलरी वर-खाली करत तो माझ्यासाठी तिकीट शोधत होता: एक क्यूआर, मग नरकासुराच्या पुतळ्याचे चार फोटो, मग पुन्हा क्यूआर, मग कुणाच्या तरी बारशाचा फोटो, मग क्यूआर. मी म्हटलं, पैसे स्कॅन झाल्यावर. तो म्हणाला, "ऐसा धंदा नहीं होता." झालं, उत्तर मिळालं. ज्याचं तिकीट खरं आहे त्याला तुमच्याबरोबर गेटपर्यंत चालत यायला काहीही अडचण नसते. ज्याला असते त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका. मी असे चार जण विचारले. चौघांनाही गेटपर्यंत चालायचं नव्हतं. एकाने पाय दुखतो सांगितलं.

सव्वासातला आतून जो आवाज उठला तो कानात अजून आहे. बाहेरचा रस्ता एकदम मोकळा झाला आणि मी तिथे, भडंगाशिवाय. दहाव्या मिनिटाला मोठा आवाज आला. गोल झाला हे कळलं, कुणाचा ते कळेना, कारण पिवळे आणि नारंगी दोन्ही ओरडत होते. मेव्हण्याचा मेसेजही येईना. गर्दीत नेटवर्क पार झोपलेलं. म्हणून आणखी एक सांगतो: रोख ठेवा. यूपीआयच्या भरवशावर ब्लॅकवाल्यासमोर उभं राहणं म्हणजे एस्टी सुटताना सुट्टे शोधणं. माझ्या समोर एकाचे पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला दिसेनात. दोघं एकमेकांना मोबाईल दाखवत भांडत राहिले, मॅच आत चालू.

शेवटी तिकीट मिळालं ते ब्लॅकवाल्याकडून नाहीच. केरळची पाच पोरं धावत आली, त्यांची रेल्वे उशिरा पोहोचलेली आणि सहावा मित्र आलाच नव्हता. मी खुणेने एक बोट दाखवलं. "सिक्स हंड्रेड," त्यातला एक म्हणाला. मी म्हटलं, स्कॅन झाल्यावर. तो म्हणाला, "ओके ओके, कम," आणि माझा हात धरून पळत सुटला. टुक, हिरवं. आत गेल्यावर त्याच्या हातात सहाशे ठेवले. त्याने मोजलेही नाहीत, जिन्याकडे पळाला. वीसेक हजारांच्या मैदानात माझी खुर्ची कुठली ते मी शोधलंच नाही, त्याच पाच जणांबरोबर पायरीवर उभा राहिलो.

वेळ सात चाळीस. मला श्वास लागलेला, आणि दोनच मिनिटांत अल नस्रच्या कामाराने दुसरा मारला. पहिला, जो मी ऐकला होता, तो अँजेलोचा. ०-२. चौदा हजार, आठ तासांची गाडी आणि हे, असं मनात आलं. पण ४१व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने गोव्याचा एक मारला आणि त्यानंतर माझं हिशेबाचं डोकं बंदच झालं. या स्पर्धेच्या गटात गोव्याचा तो पहिला गोल, आधीच्या दोन्ही मॅच ०-२ गेलेल्या. शेजारी नारंगी जर्सीतला एक म्हातारा गडी मला ओळख नसताना मिठी मारून ओरडत होता आणि मीही ओरडत होतो, कोकणी येत नसताना. दुसऱ्या अर्धात अल नस्रचा पोर्तुगीज स्टार जोआव फेलिक्स बदली म्हणून उतरला, तेव्हा पिवळ्यांना ओरडायला निमित्त मिळालं. १-२ हरले, पण लढून हरले. रोनाल्डो असता तर सगळे त्यालाच बघत बसले असते, असं मला त्या रात्री वाटलं. सकाळी नाही वाटलं.

परतीबद्दल. मॅचनंतर लगेच गाडीने सांगली गाठायचा वेडेपणा आम्ही भाऊबीजेमुळे केला. तुम्ही करू नका. आंबोलीत रात्री एकला धुकं एवढं होतं की मेव्हणा खिडकीतून डोकं काढून रस्त्याची पांढरी पट्टी सांगत होता. हेडलाईट मोठा केला की समोर नुसती पांढरी भिंत. घाट चढायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. त्यापेक्षा मिरजेहून रात्रीची गोवा एक्सप्रेस धरा, पहाटे मडगाव. स्टेशनवरून स्टेडियम जवळ आहे. मॅचच्या रात्री मडगावातच पडा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मिरज. खोली आधी घ्या, त्या दिवशीचे भाव तिकिटांसारखेच चालतात.

सकाळी सहाच्या आत सांगलीत पोहोचलो. बायकोने भावाला ओवाळलं. ताटात टाकायला मेव्हण्याने खिशातून जे काढलं त्यात मी दिलेले बेळगावकर बाबांचे पंधराशेही होते.

चार दिवसांनी विश्रामबागेत गेलो. पोरगा दुकानात होता, पळाला नाही. "दादा, मला पण पुढनंच आलेलं, मी काय करू? माझेपण अडकलेत." सातातले दोन हजार परत दिले, बाकीचे पुढच्यात वळते करतो म्हणाला. पुढच्यात म्हणजे? "डिसेंबरात मेस्सी येतोय की मुंबईला. वानखेडेवर. दोन काढू का?"

किती म्हणतोय, ते मी विचारलं. नुसतं विचारलं.